सिग्नलचा चहा

"अजून वीस सेकंद उशीर करा, मग मिळेल हिरवा," मी म्हणाले.

तातोबा हंकारेंनी वरच्या आरशातून माझ्याकडे पाहिलं. सात नंबरची बस टपाल चौकात लाल दिव्यापुढे उभी होती. जुन्या बाजारातून निघाल्यापासून हा पाचवा चौक आणि पाचवा लाल. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन मी बसले होते आणि पडद्यावरचे आकडे त्यांना वाचून दाखवत होते.

"काय म्हणालात मॅडम?"

"तुम्ही वेळापत्रकाच्या एक मिनिट चाळीस सेकंद मागे आहात. दोन मिनिटं मागे पडलात की सिग्नल तुमची दखल घेतो. हिरवा थोडा लांबवतो, लाल लवकर सोडतो. नियमच आहे तसा."

"म्हंजे मी आणखी लेट व्हायचं."

"तसं नाही हो... म्हणजे, या घडीला तसंच आहे."

"एकतीस वर्षं गाडी चालवतोय. लेट व्हा म्हणून सांगणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं."

कंडक्टर मोठ्यानं हसला. "मॅडम, चुकीच्या माणसाला सांगताय. तात्याच्या सर्व्हिस बुकात लाल शाईचा एक शेरा न्हाई. दसऱ्याची पहिली गाडी त्यांचीच असती."

मीही हसले. त्या दिवसांत मला कशाचंही हसू यायचं, कारण माझं सगळं छान चाललं होतं. दिवा हिरवा झाला, हंकारेंनी गाडी काढली, आणि पुढच्या सुतार तिकटीला लांबूनच वेग कमी केला. तिथेही लाल लागला. मी वहीत लिहिलं: चालक सिग्नलला पोचण्याआधीच ब्रेक लावतात.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि जगातले सगळे चौक आपण सरळ करू शकतो अशी माझी खात्री होती. पुण्याच्या ज्या कंपनीत मी होते तिनं मला दक्षिणेकडच्या त्या शहरात पाठवलं होतं. सात नंबरच्या वाटेवर नऊ चौक. त्यांतल्या सिग्नलच्या जुन्या पेट्या काढून नव्या बसवायच्या, प्रत्येक बसमध्ये एक डबी लावायची, आणि बस चौकाजवळ आली की डबीनं पेटीला कळवायचं, मी आले, जरा थांब. सगळ्याच बसना हिरवा देत बसलं तर आडव्या रस्त्यांवर रांगा लागतात. म्हणून ज्या बसला दोन मिनिटांहून जास्त उशीर झालाय तिलाच द्यायचा. हा नियम माझा. मला तो इतका आवडला होता की तो मी डेपोत सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून, फळ्यावर चित्रं काढून, बारकाव्यांसकट समजावून सांगितला. चाळीस माणसं इतकं कान देऊन ऐकत होती की मला वाटलं, आपण मास्तरीणही चांगली झालो असतो.

आधी या फेरीला चोपन्न मिनिटं लागायची. पालिकेची अट अशी की सहा आठवड्यांत निदान आठ मिनिटं वाचली पाहिजेत, तरच शहरातले बाकीचे चौक आमच्याकडे येणार. तिसऱ्या आठवड्यात सरासरी चव्वेचाळीसवर आली. दहा मिनिटं! बससेवेचे वाहतूक अधीक्षक इंगवले साहेब एरवी माझ्या नमस्कारालाही मान हलवायचे नाहीत, त्यांनी त्या दिवशी मला स्वतःच्या डब्यातली थालीपीठं खाऊ घातली.

एकच खडा लागत होता. सगळ्या ड्रायव्हरांची सरासरी चव्वेचाळीस आणि तातोबा हंकारेंची सत्तेचाळीस. तक्ता मीच केला होता. आकडे ठळक दिसावेत म्हणून सगळ्या ओळी हिरव्या रंगवल्या आणि हंकारेंची ओळ लाल. इंगवले साहेबांनी त्या लाल ओळीवर बोट ठेवलं.

"हा माणूस मुद्दाम करतोय."

"मुद्दाम कशाला करतील?"

"जुनी खोडं असतात मॅडम. नवीन काही आलं की अंगात येतं. तुम्ही एकदा त्याच्या गाडीत बसा आणि काय करतो ते मला लिहून द्या."

म्हणून मी त्या दिवशी त्यांच्या गाडीत बसले होते. आणि मी लिहून दिलं: चालक सिग्नलला पोचण्याआधीच ब्रेक लावतात. वाक्य खरं होतं. त्या वाक्यावर इंगवले साहेबांनी हंकारेंना मेमो दिला. जाणूनबुजून गाडी सावकाश चालवल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा, खुलासा समाधानकारक नसल्यास सर्व्हिस बुकात नोंद घेण्यात येईल.

नोंद म्हणजे लाल शाईचा शेरा. त्या डेपोत एक रिवाज होता. खंडेनवमीला गाड्यांची पूजा व्हायची आणि दसऱ्याच्या सकाळी झेंडूच्या माळा घातलेली पहिली गाडी बाहेर काढायचा मान ज्याच्या बुकात लाल शेरा नाही त्याचा. पूर्वी असे चार-पाच जण असायचे, मग दोघे उरले, आणि गेली नऊ वर्षं एकटे तातोबा हंकारे. ते जानेवारीत निवृत्त होणार होते. म्हणजे हा त्यांचा शेवटचा दसरा होता आणि तो दोन आठवड्यांवर आला होता.

मला हे ठाऊक होतं. वाईटही वाटलं, नाही असं नाही. पण आकडे आकडे असतात, असं म्हणून मी मोकळी झाले.

खुलासा तिसऱ्या दिवशी आला. इंगवले साहेबांनी तो मला वाचून दाखवला, थोडा नाकातून.

"'गाडी वेळेवर सोडली. वेळेवर चालवली. तातोबा बाळा हंकारे.' संपलं! दोन ओळीत साहेबांना गुंडाळलं. ह्याला काय खुलासा म्हणतात?"

"मग आता?"

"शुक्रवारी आयुक्तांकडे बैठक आहे. तुमचा अहवाल मांडायचा. तो मांडून झाला की मी ह्याची नोंद करून टाकतो."

मी खाली उतरले, रिक्षात बसले, आणि मला ती पहिली ओळ काही सोडेना. गाडी वेळेवर सोडली. आरोप सावकाश चालवल्याचा, आणि हा माणूस उत्तर देतोय सोडण्याचं. कुणीही आधी चालवण्याबद्दल बोललं असतं. मी माझ्या तक्त्यांत शोधलं तर त्यात सोडण्याची वेळच नव्हती. गाडी डेपोच्या फाटकातून निघाली की माझं घड्याळ सुरू व्हायचं आणि विद्यानगरला पोचली की थांबायचं. ती फाटकातून कधी निघाली, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊच्या ठोक्याला मी जुन्या बाजारच्या डेपोत जाऊन उभी राहिले.

तिथे टाइमकीपर रमजान मुजावर यांची लाकडी खोली होती. मुजावर म्हणजे गोल चेहऱ्याचा, कानात अत्तराचा फाया असलेला, कुणालाही 'बसा की' म्हणणारा माणूस. गाडीची वेळ झाली की खिडकीतून हात बाहेर काढून ते शिट्टी वाजवायचे. शिट्टी म्हणजे निघायचं, ही तिथली पन्नास वर्षांची पद्धत.

नऊ वाजता शिट्टी वाजली. गाडी इंजिन चालू ठेवून उभी. ड्रायव्हर खाली उतरला, खिडकीशी आला, मुजावरांनी थर्मासमधून त्याला कपात चहा ओतला. त्यानं तो फुंकून फुंकून प्यायला. मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणखी दोन घोट घेतले, कप ठेवला आणि गाडीत चढला. मी वेळ बघितली. नऊ वाजून दोन मिनिटं आणि चौतीस सेकंद.

नऊ पाचची शिट्टी वाजली. दुसरी गाडी, दुसरा ड्रायव्हर, तोच थर्मास. दोन मिनिटं एकतीस सेकंद.

"मुजावरभाई," मी खिडकीशी जाऊन विचारलं, "हे काय चाललंय?"

"चहा. घ्या की. आल्याचा हाय."

"शिट्टी झाल्यावर?"

"व्हय. शिट्टीनंतरचाच." ते अगदी सरळपणे म्हणाले. "पोरं त्याला सिग्नलचा चहा म्हणत्यात."

"सिग्नलचा?"

"तुम्हीच न्हाई का फळ्यावर काढून दाखवलं? दोन मिनिटांच्या वर लेट झाला की सगळे दिवे हिरवे. मग पोरांनी हिशोब केला. दोन मिनिटं रस्त्यात घालवण्यापेक्षा हितंच चहा पिऊन घालवावी. वर अर्धं मिनिट सवडीला ठेवायचं. एकदा असं निघालं की विद्यानगरपातूर दिवे नुसते वाट बघत्यात. लई भारी काम केलंत मॅडम तुम्ही. तीस वर्षांत ड्रायव्हर लोकास्नी बसून चहा पिता आला न्हवता."

मी कपाळावर हात मारला. खरोखर मारला, आवाज येईल असा. चाळीस माणसं कान देऊन का ऐकत होती, ते मला तेव्हा कळलं.

"सगळेच पितात?"

"एक सोडून."

एवढ्यात नऊ दहा झाले. मुजावरांनी खिडकीतून हात काढून शिट्टी वाजवली. शिट्टीचा आवाज विरायच्या आत तातोबा हंकारेंची गाडी हलली आणि फाटकातून बाहेर पडली. फाटकापासून शंभर पावलांवर धान्यबाजाराचा पहिला थांबा आहे. तिथे दहा-बारा माणसं उभी होती. गाडी थांबली, माणसं चढली, गाडी गेली आणि पहिल्याच चौकात, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या नव्याकोऱ्या पेटीनं तिला लाल दाखवला.

शहरातला सगळ्यात वेळेवरचा ड्रायव्हर, आणि मी त्याची ओळ लाल रंगवली होती. बाकीच्या एकोणचाळीस जणांना उशिराबद्दल बक्षीस आणि ह्यांना वेळेबद्दल मेमो. मला इतकी लाज वाटली की मुजावरांनी पुढे केलेला चहा मी घेतला आणि तसाच हातात धरून उभी राहिले.

हंकारे साडेअकराला परत आले. गाडीची काच पुसत होते. मी सरळ जाऊन विचारलं.

"तात्या, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय?"

"चहाचं."

त्यांनी फडकं पिळलं. "डेपोत राहतो न्हवं मी."

"मग खुलाशात लिहिलं का नाही? एका ओळीत सुटला असतात."

"मी सुटलो असतो. एकोणचाळीस पोरांना मेमो बसला असता." काचेवरचा एक डाग त्यांनी नखानं काढला. "त्यातल्या कितीजणांची पोरं शाळेत हाईत. आणि चोरी केलीय काय त्यांनी? तुमचाच नियम पाळला."

"मग तुम्ही का नाही पाळला?"

ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, पण हसूही नव्हतं.

"धान्यबाजाराच्या थांब्यावर माणसं उभी असत्यात मॅडम. पाटीवर काय लिहिलंय? नऊ दहा. ती माणसं नऊ दहाला येत्यात. मी हितं चहा पीत बसलो तर ती अडीच मिनिटं कुणाच्या खात्यात? तुमच्या तक्त्यात तर न्हाईत."

नव्हती. माझ्या तक्त्यात त्या माणसांची अडीच मिनिटं कुठेच नव्हती. दहा मिनिटं वाचली म्हणून मी थालीपीठं खाल्ली होती, त्यातली अडीच लोकांनी उन्हात उभं राहून भरली होती. म्हणजे वाचली साडेसात. अट होती आठची.

"मग मी आता काय करू?" मी विचारलं. हा प्रश्न मी त्या शहरात पहिल्यांदाच कुणाला तरी विचारत होते.

"ते मी काय सांगणार? तुम्ही शिकलेल्या." ते पुन्हा काच पुसू लागले. पुसता पुसताच म्हणाले, "तुमची पेटी विचारती, किती लेट झाला. तिला विचारायला सांगा, कुठं लेट झाला. डेपोत झाला तर तो माझा लेट, माझा मी निस्तरीन. रस्त्यात झाला तर तो रस्त्याचा. तो तेवढा भरून द्या."

मी तिथेच उभी राहिले. पाच वर्षं मी हेच शिकले होते, दोन वर्षं हेच करत होते, आणि हे मला सुचलं नव्हतं. फाटकातून निघाल्याची वेळ धरायची आणि उशीर तिथून पुढे मोजायचा. मग शिट्टीनंतर कितीही चहा प्या, पेटीला त्याच्याशी घेणं नाही. आणि उशीर खरोखर रस्त्यातलाच मोजला जाणार असेल तर दोन मिनिटं तरी कशाला थांबायचं? अर्ध्या मिनिटालाच हात द्यावा. पेटीच्या प्रोग्रॅममध्ये चार ओळींचा बदल होता.

शुक्रवारी बैठकीच्या आधी मी इंगवले साहेबांना जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"एकोणचाळीस! सगळ्यांना मेमो काढतो आजच."

"काढायचा तर मला काढा साहेब. ते माझ्या नियमाप्रमाणेच वागले."

"आणि हे तुम्ही आत जाऊन सांगणार? आयुक्तांना?" त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, दहाचा आकडा आलाय. नशीब समजा. आता त्यात उकरत बसू नका. तुमचे चौक गेले तर माझीही शोभा होते."

"आणि हंकारे?"

"एक शेरा लागला म्हणून माणूस मरत नाही."

मी आत गेले. पाय लटपटत होते असं सांगितलं तर गोष्ट चांगली रंगेल, पण तसं काही झालं नाही. एकदा काय करायचं ते ठरलं की मला भीती वाटत नाही, हा माझा स्वभाव आहे. तक्ता पडद्यावर आला. हिरव्या ओळी, एक लाल ओळ. मी म्हणाले, "ह्यात एक चूक आहे आणि ती माझी आहे. मी नियम असा लिहिला की उशिरा सुटणाऱ्या गाडीचा फायदा होतो. म्हणून खरी बचत दहा मिनिटं नाही, साडेसात आहे. आणि ही जी लाल ओळ दिसते, ती या तक्त्यातली एकटी बरोबर ओळ आहे."

आयुक्त चष्मा काढून पुसत बसले.

"साडेसात म्हणजे अट पुरी झाली नाही," ते म्हणाले.

"नाही. पण नियम बदलला की होईल. सोमवारी सकाळी नवा नियम चालू करते. ज्यांची लाल ओळ आहे त्या हंकारेंच्याच गाडीत इंगवले साहेबांनी बसावं आणि स्वतः घड्याळ लावावं. धान्यबाजारातून नऊ दहाच्या माणसांना घेऊन पंचेचाळीस मिनिटांच्या आत गाडी विद्यानगरला पोचली नाही, तर आमच्या पेट्या काढून घ्या."

"आणि पोचली तर?"

"तर हंकारेंचा मेमो मागे घ्या."

इंगवले साहेब खुर्चीत अवघडून बसले होते. आयुक्तांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि "सोमवार" एवढंच म्हणाले.

शनिवार-रविवार मी नऊ चौकांत फिरून नऊ पेट्यांमध्ये त्या चार ओळी घातल्या. हंकारेंना कुणी काही सांगितलं नाही. मीही नाही. सांगितलं असतं तर त्यांनी गाडी वेगळी चालवली असती असं नाही, पण इंगवले साहेबांना बोलायला जागा राहिली असती.

सोमवार. दसरा तीन दिवसांवर, त्यामुळे रस्ते झेंडूच्या ढिगांनी अर्धे झाले होते. नवा नियम करून बघायला याहून वाईट दिवस मिळाला नसता. इंगवले साहेब पहिल्या सीटवर, हातात थांबघड्याळ. मी मागे. मुजावरांची शिट्टी वाजली, गाडी सुटली. नऊ दहा.

धान्यबाजारात माणसं चढली. पहिल्या चौकात हिरवा होता, दुसऱ्यात लाल. आम्ही थांबलो. वेळापत्रकाच्या बरोबरीनं होतो, त्यामुळे पेटी आमचं काही देणं लागत नव्हती. तिसरा, चौथा, दोन्ही तसेच निघाले. इंगवले साहेब दर चौकाला घड्याळ बघत होते आणि मग माझ्याकडे.

टपाल चौकाच्या अलीकडच्या थांब्यावर एक म्हातारी उतरायला उठली. तिच्याबरोबर झेंडूच्या दोन पाट्या होत्या, एक डोक्याएवढी आणि एक त्याहून मोठी. तिनं एक पाटी पायरीवर ठेवली, स्वतः खाली उतरली, पाटी घेतली, फुटपाथवर नेऊन ठेवली, आणि दुसरीसाठी परत निघाली.

"चला, चला आज्जी!" इंगवले साहेब ओरडले. "हंकारे, ती पाटी कंडक्टरला द्यायला सांगा आणि काढा गाडी!"

कंडक्टर मागे तिकिटं फाडत गर्दीत अडकला होता. हंकारेंनी हँडब्रेक ओढला, उठले, दुसरी पाटी उचलली, म्हातारीच्या हातात दिली.

"सावकाश जावा आज्जी. गाडी कुठं पळून जात न्हाई."

ते परत येऊन बसले. माझ्या लॅपटॉपवर उशिराचा आकडा पळत होता. वीस सेकंद. तीस. एक्कावन्न. माझा जीव टांगणीला लागला होता, हे मात्र मी कबूल करते. नियम लिहिताना मी उशिराची गाडी धरली होती, माणसाच्या हातातली झेंडूची पाटी धरली नव्हती.

गाडी निघाली. टपाल चौक समोर दिसत होता आणि तिथला हिरवा आता जाणार होता. दिव्याशेजारचा आकडा तीन, दोन, एक असा उतरत होता. हंकारेंनी नेहमीप्रमाणे लांबूनच वेग कमी केला. एकवर येऊन आकडा थांबला. तिथेच राहिला. दिवा हिरवाच.

हंकारेंनी गाडी रेषेपाशी आणून उभी केली.

हिरव्या दिव्यापुढे, चौक मोकळा असताना, सात नंबरची बस थांबली. मागच्यानं हॉर्न वाजवला. ते दिव्याकडे बघत बसले होते.

"तात्या," मी म्हणाले, "हिरवा आहे."

"व्हय की." ते हलले नाहीत. "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच. थांबलाय तो. जा."

त्यांनी गिअर टाकला. गाडी चौकातून पुढे गेली आणि आमच्या पाठीमागे दिवा लाल झाला. सुतार तिकटीला पुन्हा तेच. या वेळी त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला. सातवा, आठवा, नववा चौक त्यांनी असा पार केला की मला त्यांची पाठसुद्धा वेगळी दिसायला लागली. इंगवले साहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं होतं. विद्यानगरला पोचलो तेव्हा त्यांनी ते काढून बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"चव्वेचाळीस मिनिटं दहा सेकंद," ते म्हणाले. त्यांनी घड्याळ परत खिशात टाकलं. "म्हातारीच्या पाट्या धरून."

मेमो त्यांनी तिथेच फाडला नाही, तसं फक्त गोष्टीत होतं. मेमो मागे घ्यायला कागद लागतो, तो कागद मंगळवारी टाइप झाला आणि बुधवारी, खंडेनवमीच्या पूजेच्या आधी, डेपोच्या फळ्यावर लागला. बाकीच्या ड्रायव्हरांनी सोमवारी सवयीनं चहा घेतला आणि सगळ्या चौकांत लाल खाल्ला. बुधवारी मुजावरांचा थर्मास भरलेलाच राहिला. ते माझ्यावर दोन दिवस रुसून होते.

दसऱ्याच्या सकाळी झेंडूच्या माळा घातलेली सात नंबर तातोबा हंकारेंनी डेपोतून बाहेर काढली. शिट्टीबरोबर. परत आले तेव्हा मी मुजावरांच्या खिडकीशी उभी होते. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि मुजावरांपुढे हात केला.

"ओता. शिट्टी न्हाई अजून, वेळ हाय. बघू तरी काय असतोय तुमचा सिग्नलचा चहा."

त्यांनी तो उभ्यानं, शांतपणे, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. साखर जास्त आहे म्हणाले.

आमची अट पुरी झाली आणि पुढचे चौकही आमच्याकडे आले. त्यानंतर मी चार शहरांत सिग्नल बसवले आहेत. पेट्या बदलल्या, डब्या बदलल्या, पण त्या चार ओळी तशाच प्रत्येक ठिकाणी जातात. त्यांना मी तेव्हाच एक नाव देऊन ठेवलं होतं, 'हंकारे नियम'. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक नवीन इंजिनियर आली. हुशार आहे, माझ्यासारखीच स्वतःवर खूश असते. तिनं त्या ओळी वाचल्या आणि मला विचारलं, "मॅडम, हे हंकारे कुठले? कुठल्या संस्थेतले प्रोफेसर आहेत का?"

"सात नंबरचे," मी म्हणाले.